निळ्या पाठीची बोट

भंडारा

चि. बाबूस,


फोटो पाहून तू दोन गोष्टी विचारल्यास. आबाजींच्या बोटीची पाठच तेवढी निळीशार कशी, आणि जुन्या बोटीवर एवढा पैसा काहून घातला, नवीनच घ्यायची होती. फोनवर हे सांगून होत नाही, मधेच तुझी ऑफिसची वेळ होते. म्हणून बसून लिहितो.

तुझ्या आईच्या लहानपणी आपल्या घरी लाकडी डोंगाच होता. आपल्या ढिवरांचं सगळं त्यावरच चालायचं: नदीत जाळं टाकणं, तलावातले शिंगाडे काढणं. १९८८ साली गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे पाणी अडलं तशी वैनगंगा बदलली. गावं उठली, शेतं बुडाली, आणि जिथे बांबू टेकवत डोंगा न्यायचो तिथे बांबूला तळ लागेना. रुंद पाण्यावर वारा सुटला की लाट उठते, आणि डोंगा काठाने बसका, त्यात लाट सरळ आत येते. शिवाय मासे पांगले, जाळी लांब लांब टाकावी लागू लागली. वल्ह्याने ते अंतर रोज कापणं आबाजींच्या वयाला झेपणारं नव्हतं. म्हणून कोकणातून एक वापरलेली फायबरची बोट ट्रकवर घालून आणली, आणि मागे पंधरा हॉर्सपॉवरचं मशीन लावलं.

फायबरची बोट सडत नाही असं सगळेच सांगतात. काच आणि रेझिन सडत नाही, हे खरं. पण मागची उभी फळी, जिच्यावर मशीन लटकतं, ती नुसत्या फायबरची नसते. नुसतं फायबर वाकतं. मशीनचं वजन चाळीस किलोच्या आसपास, ते फळीच्या वरच्या कडेला पकडलेलं, आणि पंखा ढकलतो खाली पाण्यात. म्हणजे सगळा जोर फळी मोडायलाच लागलेला असतो. म्हणून आत जाड प्लायवूड घालतात आणि दोन्ही बाजूंनी फायबरचं कातडं चढवतात. कातडं शाबूत असेपर्यंत ठीक. पण त्यात कोणी स्क्रू मारला आणि भोक नीट बुजवलं नाही, की पाणी आत जातं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. ते प्लायच्या थराथरांतून पसरतं, लाकूड कुजतं आणि वरून रंग मात्र चकचकीत राहतो. डोंग्याचं तसं नव्हतं. त्याची फळी कुजली तर डोळ्यांना दिसायची, बोट लावलं की कळायची.

आपल्या बोटीच्या पाठीला आधीच्या मालकाने कसली तरी पट्टी ठोकलेली होती. ती काढली आणि चार भोकं तशीच ठेवून वरून रंग मारला. त्यात नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, त्यावर जलपर्णी माजते. ती पंख्यात गुरफटली की मशीन कण्हतं, मागे घ्यावं लागतं, पुन्हा पुढे रेटावं लागतं. प्रत्येक हिसका त्या फळीवरच बसतो. भिजलेली फळी असे हिसके किती काळ खाणार?

पण आधी २०२० चं ऐक, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. ऑगस्ट सरता सरता मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, तिकडच्या संजय सरोवराचं पाणी सुटलं. इकडे गोसेखुर्दची ३३ च्या ३३ दारं उघडली तरी भंडाऱ्याच्या खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. करोनाचे दिवस होते, तोंडाला फडकी बांधून माणसं गच्चीवर बसलेली. तुझा मोठा मामा आणि मी हीच बोट घेऊन गल्लीगल्लीत फिरलो. खाली कुंपणं, विजेचे खांब, बुडालेल्या मोटारसायकली. लाकडी डोंगा तिथे चिरला असता. ही घासली, आपटली, पण फुटली नाही. एका बाईने तान्हं लेकरू माझ्या हातात दिलं आणि मग स्वतः उतरली. त्या बोटीला भंगारात घालायचं नाही, असं आबाजींनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

सडकं लाकूड सापडलं ते त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात. बोट काठावर ओढून ठेवली होती, बाकी अंग खडखडीत वाळलं, आणि पाठीच्या एका भोकातून मात्र तपकिरी पाणी झिरपत होतं. आबाजींनी कोयत्याची मूठ घेतली आणि फळीवर वरून खाली ठोकत आले. वर टणटण, मध्ये टणटण, आणि खालच्या तिसऱ्या हिश्शात आवाज एकदम बसला. "आत पानी आहे रे बाप्पा," एवढंच म्हणाले. आतल्या बाजूने बारीक ड्रिल घातलं तर लाकडाचा भुसा यायच्या ऐवजी काळा, ओला गोळा आला, वास कुजक्या पानांसारखा.

मग बाहेरचं कातडं तसंच ठेवून आतलं कापून काढलं. कडेला चार बोटं जागा सोडली, नव्या फायबरला धरायला काहीतरी हवं म्हणून. पटाशीने सडलेलं उकरत गेलो. कोपऱ्यात चांगलं दिसणारं थोडं लाकूड होतं, ते ठेवू का विचारलं तर आबाजी नाही म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, त्यातही पाण्याची रेघ उतरलेली निघाली. मग सगळं उन्हावर सोडलं. या कामाला आपल्या वैशाखासारखा दुसरा कारागीर नाही. फळीचं कातडं, कानाकोपरे, सगळं हाडासारखं कोरडं झालं.

पण तेच ऊन रेझिनचं वैरी. जुन्या फायबरला नवीन चिकटवायला इपॉक्सी जास्त पक्कं धरतं, म्हणून तेच आणलं. त्यात हार्डनरचं प्रमाण ठरलेलं, उन्हात लवकर आळतं म्हणून कमी घालावं अशी सोय नाही. कालवलेलं डब्यात तसंच ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं. मग पहाटे दिवा लावून काम, थोडं थोडं कालवायचं आणि लगेच पसरट ताटात ओतायचं. प्लाय आयएस ७१० छापाचं मरीन ग्रेड घेतलं, १९ मिलिमीटरच्या दोन पाट्या एकमेकींना चिकटवून, कडा आधी रेझिन पाजून. कड उघडी राहिली की प्लाय तिथूनच पाणी पितं. कोपऱ्यात घट्ट लापी भरून गोलाई दिली, कारण काचेचं कापड काटकोनात बसत नाही, मागे हवा राहते. मग कापडाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, आणि रोलरने बुडबुडे काढत राहायचं. दुकानदार काचेच्या धाग्यांची स्वस्तातली चटई देत होता, पण तिचे धागे ज्याने बांधलेले असतात ते पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतं, इपॉक्सीत नाही. म्हणून विणलेलं कापडच घेतलं.

भोकांचं काम सगळ्यात शेवटी, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. मशीनच्या बोल्टसाठी आधी मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीच्या लापीने पूर्ण बुजवायचं, वाळलं की त्याच्या मध्यातून बोल्टाच्या मापाचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही, आणि पाणी शिरलं तरी प्लायपर्यंत पोहोचत नाही. तळाच्या पाणी काढायच्या भोकातही तसंच करून पितळेची नळी बसवली. ती आपल्या भंडाऱ्यातल्याच एका कारागिराने दोन्ही तोंडं पसरवून दिली.

आता निळ्या रंगाचं. मूळ बोटीला जेलकोट असतो, तो पॉलिएस्टरचा. इपॉक्सीवर तो नीट धरत नाही, चिकट राहतो. आणि इपॉक्सी उघडं ठेवलं तर ऊन त्याला खातं. त्यामुळे पाठीला पॉलियुरेथेनचा रंग दिला. बाकी बोटीचा निळा इतक्या उन्हाळ्यांत विटून राखेच्या जवळ गेला आहे. जुळवून फिकट रंग कालवता आला असता, पण आबाजींना नवा हवा होता.

खर्च झाला, नाही म्हणत नाही. पण नव्या बोटीच्या किमतीपुढे तो थोडाच होता, आणि सांगाडा अजून चांगला ठणठणीत आहे. आता मशीन पूर्ण जोरात सोडलं तरी पाठीला हात लावून पाहतो, हलत नाही. दर उन्हाळ्यात एकदा मूठ घेऊन ठोकून बघायचं, एवढं पोरांना सांगून ठेवलं आहे.

दिवाळीला येणार असशील तर पाण्याखाली चालणाऱ्या चांगल्या सीलंटच्या दोन ट्यूब घेऊन ये. इथे मिळतं, पण नागपूरला जावं लागतं आणि कधी जुना माल पदरात पडतो. विमानात कशात ठेवू देतात ते आधी विचारून घे. आबाजी बरे आहेत, सकाळी काठावर जातात. तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव.

तुझा,
लहान मामा