मटाराचा पैसा आणि शाळेची पावती

जबलपूरजवळच्या पाटनमध्ये मटाराचा हंगाम संपतो आणि शाळेचा सुरू होतो. इंग्रजी शाळा की सरकारी, हा प्रश्न इथल्या घराघरात दरवर्षी नव्याने पडतो. त्याचं उत्तर मात्र नुसत्या फीच्या आकड्यात सापडत नाही.

पाटण म्हटलं की मराठी माणसाला सातारा जिल्ह्यातलं कोयनाकाठचं पाटण आठवतं. फार तर पटोळ्यांसाठी नावाजलेलं गुजरातमधलं पाटण. पण नर्मदेच्या खोऱ्यातही एक पाटन आहे. त्यातला न मात्र बाणाचा नव्हे, नळाचा!

मध्य प्रदेशातल्या जबलपूर जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूर साधारण पावणेतीनशे किलोमीटर. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच प्रांतात होती आणि राजधानी होती नागपूर. त्यामुळे जबलपूर मराठी माणसाला तसं परकं नाही. पण तिथे जाणारा पाहुणा भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहून परततो. शहरातला दमोह नाका मागे टाकून आणखी तीस-पस्तीस किलोमीटर पुढे पाटनला जावं, असं सहसा कुणाला वाटत नाही. जवळच हिरण नदीच्या काठी कोनीजी हे जैनांचं तीर्थ आहे. यात्रेकरू येतात ते तिथे.

पाटन पाहायचं तर थंडीत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मटाराची हिरवीगार रानं, बांधावर रचलेली पोती आणि मंडईच्या दिशेने निघालेल्या गाड्या. जबलपूर जिल्ह्याची ओळख म्हणून ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत मटाराचीच निवड झाली आहे. त्यात पाटनचा वाटा मोठा. शेंगा तोडायला मंडला, दिंडोरीकडून मजुरांच्या टोळ्या येतात. लवकर आलेल्या मटाराला भाव चढा मिळतो. एकदा का सगळीकडचा माल एकदम बाजारात उतरला, की तोच भाव बघता बघता खाली येतो.

याच भावावर पाटनमधली कितीतरी पोरं कुठल्या शाळेत जाणार, ते ठरतं.

एप्रिलची धास्ती

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत शाळेची तयारी म्हणजे जूनचा पहिला पाऊस. मध्य प्रदेशात शाळेचं नवं वर्ष १ एप्रिललाच सुरू होतं. शेतकऱ्याच्या घरात हा महिना मोठा अवघड. मटाराचा पैसा तोवर खताच्या, मजुरीच्या उधारीत गेलेला असतो. गहू नुकताच कापणीला आलेला किंवा खळ्यावर पडलेला. तो विकला जाऊन पैसे हातात यायला अवकाश असतो आणि शाळेची चिठ्ठी मात्र दप्तरातून घरी आलेली असते.

अशा वेळी घरातली आई मनातल्या मनात बेरीज मांडू लागते. फी तर आहेच. पण फीच्या पाठोपाठ येणारं वऱ्हाड केवढं! प्रवेशाचे पैसे, पुस्तकं, वह्या, गणवेश, बूट, गाडीभाडं, संमेलनाची वर्गणी. मोठ्या मुलाची पुस्तकं धाकट्याला चालतील म्हणून वर्षभर जपून ठेवावीत, तर यंदा पुस्तकंच बदललेली! वडील म्हणतात, ‘‘पोटाला चिमटा काढू, पण पोरं इंग्रजी शाळेतच जातील.’’ आजोबा म्हणतात, ‘‘आम्ही सरकारी शाळेतच शिकलो की!’’ दोघांचंही खरं असतं. आईला मात्र दोघांचंही ऐकून पुन्हा बेरीज करायची असते.

फुकट म्हणजे कमी प्रतीचं?

सरकारी शाळेचा हिशोब तसा सोपा. आठवीपर्यंत फी नाही. पुस्तकं, गणवेश आणि दुपारचं जेवण सरकारकडून. गावात पुढची शाळा नसेल, तर सहावीत आणि नववीत सायकल देण्याची योजना आहे. मुलीसाठी २००७ मध्ये सुरू झालेली लाडली लक्ष्मी योजना आहे. त्यात सहावीत २,००० रुपये, नववीत ४,००० आणि अकरावी व बारावीत प्रत्येकी ६,००० रुपये मिळतात.

तरीही हात आखडतो. फुकट मिळतं ते कमी प्रतीचं, ही समजूत घट्ट बसलेली आहे. शिक्षक पुरेसे आहेत का, इंग्रजी नीट शिकवतील का, या शंका आहेत आणि त्या सगळ्याच निराधार नाहीत. सरकारनेही ते ओळखून ‘सीएम राइज’ नावाने सुसज्ज शाळा उभारायला घेतल्या. २०२५ मध्ये त्यांचं नाव ‘सांदीपनी विद्यालय’ झालं.

मधली एक वाट शिक्षण हक्क कायद्याची. हा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी शाळांच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा त्याने दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखून ठेवल्या. सोडतीत नंबर लागला की घरात पेढे वाटले जातात. पण ही सवलत आठवीपर्यंतच. नववीला त्याच शाळेत, त्याच बाकावर बसायचं तर पूर्ण फी. म्हणून नंबर लागला त्याच वर्षापासून नववीसाठी थोडं थोडं बाजूला टाकलेलं बरं.

शहरात वादळ, गावात शांतता

मे २०२४ मध्ये जबलपूरचं नाव देशभरातल्या वर्तमानपत्रांत झळकलं, ते शाळांच्या फीमुळे. जिल्हा प्रशासनाने अकरा खासगी शाळांच्या चालकांवर आणि काही पुस्तकविक्रेते व प्रकाशकांवर गुन्हे नोंदवले. या शाळांनी नियमबाह्य फीवाढ करून ८१ कोटी रुपयांहून अधिक रक्कम जादा घेतली, असा प्रशासनाचा आरोप होता. ठरावीक दुकानातूनच पुस्तकं घ्यायला लावल्याचा मुद्दाही त्यात होता. अटका झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं. त्याआधी एप्रिलमध्ये प्रशासनाने शहरात पुस्तक मेळाही भरवला. हेतू हा, की पालकांना एका दुकानाच्या दारात ताटकळावं लागू नये.

या कारवाईचा आधार होता खासगी शाळांच्या फीवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा २०१७ चा कायदा. त्यानुसार १० टक्क्यांपेक्षा जास्त फी वाढवायची तर वरची परवानगी लागते.

मात्र डिसेंबर २०२४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. गाडीभाडं फीतच धरायचं ठरलं, हे पालकांच्या सोयीचं. पण वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत फी घेणाऱ्या शाळा या नियंत्रणातून वगळल्या गेल्या. लहान शाळांना कागदपत्रांचा जाच नको, हा विचार समजण्यासारखा आहे. पण पाटनसारख्या गावातून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. महिन्याला २,००० रुपये घेणाऱ्या शाळेची वर्षाची फी होते २४,०००. म्हणजे ती या रेषेच्या आतच. ज्या घराला शंभर रुपयांची वाढही जाणवते, त्याच घराच्या डोक्यावर कायद्याचं छप्पर नाही!

प्रश्न विचारणारी आई

मग आईने करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे प्रवेशाच्या वेळीच वर्षभराचा सगळा खर्च, पुस्तकं आणि गाडीसकट, कागदावर लिहून मागायचा. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यायची. शेजारपाजारच्या चार घरांनी पुस्तकांची अदलाबदल करायची. मटाराचे पैसे आले त्याच दिवशी एप्रिलचा वाटा वेगळा काढायचा.

आणि शेजारच्या मुलाची टाय पाहून शाळा निवडण्यापूर्वी सरकारी शाळेतही एकदा जाऊन यायचं. कारण एक गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया. शिक्षक वेळेवर येतात का, आलेला पैसा कुठे गेला, हे विचारायचा अधिकार या समितीला आहे. विनाअनुदानित खासगी शाळेला अशी समिती बंधनकारक नाही.

गंमत पाहा. जिथे आई पैसे मोजते, तिथे ती गिऱ्हाईक. जिथे तिला पैसे मोजावे लागत नाहीत, तिथे कायद्याने तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे. फक्त त्या खुर्चीवर जाऊन बसायला हवं आणि तोंड उघडायला हवं.

पाटनची बाई मंडईत मटाराच्या भावासाठी व्यापाऱ्याशी तास तासभर घासाघीस करते. पै-पैचा हिशोब तिला तोंडपाठ असतो. तीच शाळेच्या फाटकात पाऊल टाकताच पदर सावरून गप्प उभी राहते. मंडईतला तो आवाज ज्या दिवशी शाळेत ऐकू येईल, त्या दिवशी शाळा कुठलीही असो, तिच्या लेकराचं शिक्षण स्वस्तही होईल आणि सकसही.