सिंहस्थांतला गुरु आपण पाहिला आहे काय?

नाशिककरांस आकाशाचा विसर पडला आहे असें कोणी म्हटल्यास नाशिककर रागावतील, आणि वरवर पाहतां त्यांचा राग योग्यहि ठरेल. ज्या गांवाचा सर्वांत मोठा उत्सव एका ग्रहाच्या राशिप्रवेशावर अवलंबून आहे, त्या गांवास आकाशाची आठवण कोणी करून द्यावी? बृहस्पति सिंह राशींत आला म्हणजे गोदावरीच्या कांठीं लाखों लोक लोटतात. तो पुढें सरकला म्हणजे रामकुंड पुन्हां आपल्या रोजच्या व्यवहारास लागतें. परंतु ज्या गुरूच्या नांवानें हा सोहळा होतो, तो आज आकाशांत कोठें आहे हें किती घरांतील किती माणसांस बोट करून दाखवितां येईल? गेलीं कित्येक वर्षें आम्ही हा प्रश्न नाशकांत विचारीत आलों आहों. उत्तरादाखल बहुधा पंचांग पुढें केलें जातें. गच्चीचें दार क्वचितच उघडलें जातें.

या प्रश्नांतूनच आमचें लहानसें आकाशदर्शन मंडळ उभें राहिलें. मंडळ म्हणजे इमारत नव्हे कीं कचेरी नव्हे. सहा इंची आरशाची एक दुर्बीण, चार सतरंज्या, पाण्याचें एक पिंप आणि जागरणाचा कंटाळा नसलेलीं दहापांच माणसें, एवढाच त्याचा संसार. अमावास्येच्या जवळच्या शनिवारीं त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या बाजूस जावयाचें, आणि शुद्ध अष्टमीच्या सुमारास गांवांतच एखाद्या वाड्याच्या अंगणांत किंवा गच्चीवर चंद्र दाखवावयाचा, असा आमचा क्रम. चंद्र पाहावयाचा तर पौर्णिमेस, अशी सर्वांची समजूत असते; पण पौर्णिमेस सूर्याचा प्रकाश त्यावर समोरून पडत असल्यानें तेथील डोंगरांच्या व विवरांच्या सावल्याच नाहींशा होतात. अष्टमीच्या चंद्रावर त्या सावल्या लांब पडतात, म्हणून त्याचें रूप त्या दिवशीं खुलून दिसतें.

मंडळाचे नियम तीनच आहेत. विजेरीस तांबडा कागद लावणें, मोबाईल खिशांत ठेवणें, आणि शक्य तों एकट्यानें न येतां घरच्यांस बरोबर आणणें. यांपैकीं तिसरा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरचा एकच पुरुष येऊन तारे पाहून गेला, तर तें त्याचें एकट्याचें वेड ठरतें. सासूसुना, मुलें, आजोबा सर्व मिळून आलीं, कीं दुसऱ्या दिवशीं पानावर बसल्यावर मृगाच्या पट्ट्याची गोष्ट निघते आणि ती त्या घराची होऊन राहते. शिवाय रात्रीच्या वेळीं घराबाहेर पडून मोकळ्या माळावर निवांत बसण्याचें सुख आपल्याकडील स्त्रियांच्या वांट्यास किती येतें, याचा वाचकांनींच विचार करावा.

दुर्बिणीपुढील रांगेंत जे प्रश्न कानीं पडतात, ते ऐकून हंसूं येतें असें कित्येकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. एकदां एका वृद्ध गृहस्थांनीं फार संकोचानें विचारलें, "आमची साडेसाती चालली आहे. शनीकडे असें रोखून पाहिलेलें चालतें ना?" आम्हीं एवढेंच म्हटलें, "आपण पाहा, आणि काय दिसतें तें आम्हांला सांगा." त्यांनीं डोळा लावला. बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग मागें वळून पत्नीस हांक मारली, "अगं, इकडे ये. हा बघ, किती देखणा आहे!" त्यानंतर आम्हीं त्यांस गणित सांगितलें. शनीस सूर्याभोंवतीं एक फेरा करण्यास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. बारा राशींत तीं वांटलीं म्हणजे एका राशीस अडीच वर्षें, आणि तीन राशींचीं मिळून साडेसात. ज्या शब्दाची आपण धास्ती घेतों, त्याच्या पोटांत आपल्या पूर्वजांचें इतकें चोख निरीक्षण दडलेलें आहे. २०२५ सालीं शनीचीं कडीं आपल्याकडे धारेनें वळलीं आणि दुर्बिणींत केवळ रेघेसारखीं उरलीं. दर सुमारें पंधरा वर्षांनीं असें होतें, हें सांगतांच एका मुलीनें लगेच आपलें पुढचें वय मोजून पाहिलें. तिच्या त्या बेरजेनें आमची रात्र सार्थकीं लागली.

आकाश पाहावयास रात्रच हवी असेंहि नाहीं. नाशिक हें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें वीस अंशांवर आहे. म्हणून मे महिन्याच्या २० तारखेच्या आणि जुलैच्या २३ तारखेच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य नेमका आमच्या डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीं लपते. जुलैंत ढग असतात. मे महिन्यांत मात्र हा सोहळा बहुधा चुकत नाहीं. आम्ही अंगणांत तांब्या, मुसळ, पितळी डबे असें जें घरांत सांपडेल तें मांडून ठेवतों. घड्याळांत बारा वाजतात तरी सावली उरतेच, आणि मुलें निराश होतात. मग साडेबाराच्या सुमारास ती एकाएकीं नाहींशी होते. आपलें घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवितें आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेस राहतों, हा भूगोलाचा पाठ त्या अर्ध्या तासांत असा समजतो कीं पुन्हां शिकवावा लागत नाहीं.

याच वीस अंशांमुळें ध्रुवहि आमच्याकडे क्षितिजापासून वीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका वर दिसतो. आणि माघाच्या सुमारास, रात्रीं जेवणें आटोपल्यावर, दक्षिणेकडे व्याधाच्या खालीं अगस्त्याचा तेजस्वी तारा उभा असतो. रामानें पंचवटींत राहावें हा सल्ला अगस्त्य ऋषींनींच दिला, असें वाल्मीकिरामायणांत आहे. ही कथा पंचवटींतील प्रत्येक आजीस ठाऊक. पण त्यांच्या नांवाचा तारा त्याच पंचवटीच्या आकाशांत दिसतो, हें कळल्यावर त्यांच्या मुद्रेवर जें समाधान उमटतें तें पाहण्यासारखें असतें.

परंतु मंडळाची खरी कसोटी लागते ती ग्रहणाच्या वेळीं. २०२२ सालची दिवाळी पुष्कळांच्या स्मरणांत असेल. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झालें, दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं खंडग्रास सूर्यग्रहण लागलें आणि पाडवा एक दिवस पुढें गेला. आमच्या ओळखीच्या एका घरीं नातसून गरोदर होती. घरच्या आजींनीं तिला दुपारपासून खोलींत बसविलें होतें. चिरावें नाहीं, कापावें नाहीं, बाहेर पाहावें नाहीं. त्याच घरच्या गच्चीवर आमचा कार्यक्रम होता. नातसून स्वतः शिकलेली. ती कांहीं बोलली नाहीं, पण तिचें न बोलणें सर्वांस ऐकूं येत होतें.

आम्हीं आजींशीं वाद घातला नाहीं. ग्रहणाचा गर्भावर कांहींएक परिणाम होत नाहीं. धोका आहे तो उघड्या डोळ्यांनीं सूर्याकडे पाहण्याचा, आणि तो गरोदर बाईस आहे तितकाच इतर सर्वांस आहे. हें आम्हीं स्पष्ट सांगितलें आणि पुढें विचारलें, "आजी, सुनबाईंनीं बाहेर यावयाचें नाहीं ना? मग ग्रहणच आंत आणलें तर?" आजी विचारांत पडल्या. ग्रहणानें खोलींत येऊं नये, असें कोणीं सांगितल्याचें त्यांस आठवेना. तेव्हां आम्हीं एक लहान आरसा घेतला, त्यावर बोटाच्या पेराएवढें भोंक पाडलेला कागद चिकटविला आणि गच्चीवर एका स्टुलावर असा टेकविला कीं त्यांतून परतलेला उजेड दारांतून त्या खोलीच्या मागील भिंतीवर पडावा. तीस फुटांच्या अंतरावर सूर्याचें तीन-साडेतीन इंचांचें बिंब उमटलें. हळूहळू त्याची कड कुरतडली जाऊं लागली. पहिला घास दिसतांच नातसून उठून भिंतीजवळ गेली. मागोमाग आजीहि गेल्या. बाहेर आम्ही आरसा सरकवीत होतों, आणि आंत त्या दोघी सूर्य मावळेपर्यंत एकमेकींस बोट करून दाखवीत होत्या.

या प्रसंगावरून मंडळांत पुढें कडाक्याचा वाद झाला. तरुण सभासदांचें म्हणणें असें कीं आपण अंधश्रद्धेपुढें मान तुकविली. त्या मुलीस उजळ माथ्यानें गच्चीवर आणावयास हवें होतें. त्यांचें म्हणणें तत्त्वतः खरें आहे, आणि ते तसें म्हणतात याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण आमच्या मतें त्या घरांत प्रश्न केवळ ज्ञानाचा नव्हता, मायेचाहि होता. आजींच्या भीतीच्या मुळाशीं पणतवंडाची काळजी होती. जी समजूत काळजीच्या पोटीं जन्मते, ती उपहासानें मरत नाहीं. जवळ बसून दाखविल्यानें मात्र मावळूं लागते. पुढल्या वर्षीं, २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं, कोजागिरीच्याच रात्रीं खंडग्रास चंद्रग्रहण आलें. वेधांत दूध आटवावें कीं न आटवावें याची घरोघर चर्चा चालली असतां, रात्रीं एक वाजून गेल्यावर त्या आजी आपणहून गच्चीवर आल्या. खांद्यावर शालींत गुंडाळलेली पणती होती. "हिनें मागचें ग्रहण भिंतीवर पाहिलें," त्या म्हणाल्या, "आतां हें खरें पाहूं दे." पणती अर्थातच गाढ झोपेंत होती.

कित्येकांस हा सर्व खटाटोप परदेशी छंदाचें अनुकरण वाटतो. वस्तुतः तसें नाहीं. आमच्या शेजारच्या खानदेशांत, चाळीसगांवजवळच्या पाटण येथें, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं तेराव्या शतकाच्या आरंभीं आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केला, आणि त्याची साक्ष देणारा शिलालेख उपलब्ध आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठींत लिहिला व तो १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालीं निघाली आणि आजतागायत हौशी लोकांच्या बळावर चालत आहे. आम्ही त्याच वाटेवरचे अगदीं मागले वाटसरू आहों.

अडचणी नाहींत असें नव्हे. हाताशीं आलेलीं मुलें नोकरीसाठीं पुण्यामुंबईस जातात, आणि दुर्बीण कोणाच्या माडीवर ठेवावी हा प्रश्न दरवर्षीं नव्यानें उभा राहतो. पण सर्वांत मोठें दुःख उजेडाचें. नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतात. ही गंगा आम्हीं पूज्य मानून जवळ ठेवली. आकाशांतली गंगा मात्र रस्त्यांच्या आणि जाहिरातींच्या दिव्यांनीं पुसून टाकली. ती पाहावयास आतां गांवाबाहेर जावें लागतें. दिव्यांस वरून झांकण घातलें, तर रस्ता अधिक उजळेल आणि आकाश काळें राहील. यांत कोणाचेंच नुकसान नाहीं.

आतां पुन्हां सिंहस्थाकडे वळूं. मागील सिंहस्थ २०१५च्या जुलैंत लागला, आणि पुढील २०२६च्या ऑक्टोबरअखेर. बारा वर्षांनीं म्हणतां म्हणतां अकरा वर्षांतच गुरु कसा आला, असें मुलांनीं विचारल्यास त्यांस गप्प बसवूं नये. गुरूचा फेरा बारा वर्षांचा नसून सुमारें ११.८६ वर्षांचा आहे. राहिलेली तूट सांठत सांठत केव्हांतरी एका वर्षाची होते. २०२६च्या डिसेंबरांत हा गुरु मघेच्या ताऱ्याच्या अलीकडे थबकून मागें फिरेल. हें वक्री होणें साध्या डोळ्यांनीं पाहतां येतें. मुलांनीं दर आठवड्यास वहींत मघा आणि गुरु यांच्या जागा मांडाव्या, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणें पहिलें अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजीं, सोमवती अमावास्येस आहे. आणि त्याच दिवशीं सायंकाळीं आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहणहि आहे. श्रावणाच्या उंबरठ्यावरचे ढग काय करतील, तें तेच जाणोत.

तरी त्या दिवसाची वाट कशास पाहावी? आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील सर्वांनीं पांच मिनिटें गच्चीवर जावें, वरचा दिवा मालवावा आणि डोळे अंधारास सरावूं द्यावे. कोणता तारा कोणता, हें लगेच न कळलें तरी चालेल. आजींस एक नांव ठाऊक असेल, नातीस दुसरें. दोन्ही जुळवून पाहावीं. आमच्या मंडळाचें सर्व काम याहून फारसें निराळें नाहीं.