घरातली चित्रपुस्तके आणि हक्काची शाळा

शहरातल्या सुखवस्तू वर्गात सध्या ‘होमस्कूलिंग’चे वारे आहे. मूल शाळेत घालायचे नाही, घरीच शिकवायचे. सकाळी एक चित्रपुस्तक वाचायचे आणि दिवसभर त्यावरच्या कृती करायच्या: रंगकाम, कातरकाम, स्वयंपाक, बागकाम. या पालकांचे बरेच म्हणणे खरे आहे. तीन ते सात वर्षांचे मूल चित्रातून, हातातून आणि गप्पांतून शिकते, हे आम्हीही मुलचेऱ्यात रोज पाहतो. पद्धतीशी आमचे भांडण नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. शाळा सोडून देण्याची ऐपत कोणाची? आणि ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या दारात उभे राहू दिले नाही, त्यांनी ही पद्धत कशासाठी वापरायची?

ज्याच्या घरात चार पिढ्यांपासून पुस्तके आहेत, तो शाळेबाहेर पडला तरी त्याचे काही बिघडत नाही. त्याचे घरच शाळा आहे. आपल्याला मात्र शाळा भांडून मिळाली. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना घर सोडावे लागले. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे सांगितले की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि खेड्यातले प्राथमिक शिक्षण कोरडे राहते. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या तरटावर बसले, तहानेने व्याकूळ झाले, पण त्यांनी शाळा सोडली नाही. हा आपला वारसा आहे. म्हणून ‘शाळा वाईट आहे, सोडून द्या’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

यातला कायद्याचा धागा आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावा. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली. ‘शिक्षण’ हा शब्द ‘प्राथमिक शिक्षण’ एवढाच करावा, अशी सूचना आली आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घालायचे नाही, असे आपण ठरवतो, तर तोपर्यंत ते मूल शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे. त्यातून आलेल्या मूळ कलम ४५ मध्ये दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा निर्देश होता. त्यात खालच्या वयाची अट नव्हती. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. मग २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती आली आणि हक्क मिळाला तो फक्त सहा ते चौदा वयोगटाला. सहा वर्षांखालचे मूल मूलभूत हक्कातून बाहेर पडून पुन्हा निर्देशक तत्त्वांत जाऊन बसले. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ वाचा: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’. ‘केलीच पाहिजे’ असे तिथे लिहिलेले नाही.

मेंदूची सगळ्यात जास्त वाढ होते ती याच वयात. श्रीमंताचे मूल ही वर्षे खासगी नर्सरीत किंवा घरच्या चित्रपुस्तकांत घालवते. आपले मूल ती वर्षे मोहाच्या झाडाखाली आईच्या टोपलीजवळ घालवते आणि सहाव्या वर्षी दोघे एकाच स्पर्धेत उतरतात. पुढे याच फरकाला ‘गुणवत्ता’ असे नाव दिले जाते.

आता मुलचेऱ्याबद्दल. गडचिरोली जिल्ह्यातला हा जंगलाचा तालुका. इथे माडिया-गोंड आहेत, बौद्ध आहेत, तेलुगू बोलणारी घरे आहेत आणि पूर्व पाकिस्तानातून येऊन इथे वसवली गेलेली बंगाली कुटुंबे आहेत. या बंगाल्यांत नमःशूद्र मोठ्या संख्येने आहेत. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीत जाता आले नाही, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठवले. त्याच समाजाची नातवंडे-पतवंडे आज आमच्या शेजारी राहतात आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत त्यांना जागा नाही. त्यामुळे आमच्या वस्तीत बौद्ध, माडिया आणि बंगाली मुले एका चटईवर बसतात, तेव्हा आम्हाला त्यात इतिहास दिसतो.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा-अंगणवाड्यांना कुलूप लागले आणि शिक्षण मोबाईलवर गेले. आमच्याकडे रेंज नव्हती. तेव्हा आम्ही सहा घरांनी संध्याकाळी एक तास ठरवला आणि तो आजही चालू आहे. शहरातल्या होमस्कूलिंगमध्ये आई दिवसभर मोकळी असते, असे गृहीत धरलेले असते. आमच्या आया मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातात, पावसाळ्यात रोवणीला. म्हणून आमच्याकडे शिकवणारी कधी आजी असते, कधी नववीतली ताई, कधी पोलीस भरतीची तयारी करणारा दादा.

पुस्तके कुठून आणता, असे अनेक जण विचारतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरची चित्रपुस्तके श्रेय देऊन कोणीही मोफत छापू शकतो. मराठी, बंगाली, तेलुगू, गोंडी, सगळ्या भाषांतली पुस्तके तिथे आहेत. आम्ही पाने छापून जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवतो. एक पुस्तक आठवडाभर पुरते.

पहिल्या दिवशी अक्षरांवर हात ठेवायचा आणि फक्त चित्र पाहायचे. हे कोण? काय करतंय? पुढे काय होईल? चित्रात पक्षी असला की आमच्याकडे चार उत्तरे येतात: मराठीत पाखरू, बंगालीत पाखि, माडियात पिट्टे, तेलुगूत पिट्ट. मुलांना आपणहून कळते की पहिले दोन शब्द एकमेकांचे सोयरे आणि दुसरे दोन एकमेकांचे. भाषाशास्त्राचा हा धडा पाच वर्षांची मुले हसत शिकतात. मुख्य म्हणजे, घरची भाषा चुकीची असते हे विष त्यांच्या कानात जात नाही.

ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तके आम्ही वापरतो. फार चांगली पुस्तके आहेत. पण ते घर शहरातले आहे. म्हणून पुस्तक झाल्यावर आम्ही दुसरे पुस्तक करतो: ‘माझं घर’. प्रत्येक मूल एक पान काढते. कुणाच्या पानावर मातीची भिंत आणि वर पंचशील ध्वज, कुणाच्या पानावर मोहाचे झाड, कुणाच्या घरामागे मासळीचे तळे. मग पाने दोऱ्याने शिवायची आणि आजीला वाचून दाखवायची. ज्या मुलाने पुस्तकात आपले घर कधी पाहिलेले नसते, त्याला पुस्तक परक्याचे वाटते. स्वतःचे घर पुस्तकात आले की ते पुस्तकावर हक्क सांगते.

एरिक कार्लचे खादाड सुरवंटाचे १९६९ चे पुस्तक जगभरच्या होमस्कूलिंगवाल्यांचे लाडके आहे. तो सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नाशपाती आणि शनिवारी केक, आईस्क्रीम, चीज. वार, मोजणी आणि जीवनचक्र एकाच गोष्टीत येते, ही त्याची ताकद. आम्ही गोष्ट सांगितली आणि विचारले, आपली अळी काय खाते? आमच्या जिल्ह्यात आरमोरीकडे धीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या झाडावर कोसा घेतो. मग मुलांनी ऐनाची पाने आणली. सोमवारी एक पान, मंगळवारी दोन, असे आठवडाभर चिकटवत नेले. शेवटी कोष आणि कोषातून पतंग. उन्हाळ्यात मोजणीला तेंदूचे पुडे असतात. एका पुड्यात ७० पाने. दहा-दहाचे सात गट करायला आमच्या पोरांना पाटी लागत नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘भीमायन’ आहे. बाबासाहेबांची ही चित्रकथा दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारली. नवयान प्रकाशनाने ती २०११ मध्ये काढली. त्यात प्रेमाचे बोलणे पाखराच्या आकारात लिहिले आहे आणि जातीचे विषारी बोलणे नांगीवाल्या आकारात. आम्ही पुठ्ठ्याचे पाखरू आणि विंचू कापले. एखादे वाक्य बोलायचे आणि मुलांनी योग्य पुठ्ठा उचलायचा. एका मुलीने विंचू उचलला आणि सांगितले की बाजारात एक माणूस तिच्या मायशी असाच बोलतो. त्या दिवशी पुढचा खेळ झाला नाही, बोलणेच झाले. अन्यायाला नाव देता येणे हेही शिक्षण आहे, आणि ते सहाव्या वर्षीही येते.

आमचेच काही कार्यकर्ते मित्र विचारतात, चित्रे रंगवून क्रांती होते का? आम्ही त्यांना विचारतो, ज्याला चौथीत वाचता येत नाही, तो अॅट्रॉसिटीची एफआयआर कशी वाचणार? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घरी शिकवू लागलात तर सरकारला शाळा बंद करायला निमित्तच मिळेल. ही भीती खोटी नाही. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळांत जंगलातल्या वाड्या-पाड्यांच्या शाळा आधी येतात. आणि दुसरीकडे, आमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर ती अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. म्हणजे सरकारची शाळा आम्हाला परवडत नाही म्हणून मिटवायची आणि लोकांनी काढली तर कायदा दाखवायचा. मग आदिवासीच्या, दलिताच्या मुलाने जायचे कुठे?

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. आमचा संध्याकाळचा तास शाळेच्या जागी नाही. तो तास मुलाला पोषण आहार देऊ शकत नाही, लस टोचू शकत नाही, दाखला देऊ शकत नाही. अंगणवाडीसेविकेला तुटपुंज्या मानधनाऐवजी पगार मिळावा, हे काम तर तो कधीच करणार नाही. सहावे वर्ष लागले की आमचे प्रत्येक मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव नोंदवते. पट टिकला तर शाळा टिकते. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. त्या खुर्च्यांवर आपल्या आया बसल्या पाहिजेत.

तरुण मित्रांनो, जयंतीला डीजेवर जेवढा खर्च होतो, त्याच्या छोट्या हिश्श्यात एका विहाराचे चित्रपुस्तकांचे कपाट भरते. आठवड्यातून तीन संध्याकाळी एक तास द्या. वस्तीतली तीन वर्षांपासूनची सगळी मुले बोलवा, जात-भाषा न विचारता. आणि त्याच वेळी मागणी लावून धरा: शून्य ते सहा वर्षांच्या मुलाचे शिक्षण पुन्हा मूलभूत हक्कात आणा, कलम ११ मधले ‘करू शकेल’ काढून ‘करील’ लिहा. २००२ मध्ये कापून घेतलेली ती सहा वर्षे आपल्याच मुलांची आहेत, आणि ती परत घ्यायची आहेत.

जय भीम! जय सेवा!