माझी तपासणी राहून गेली

लग्नाला वर्षं उलटली तरी मूल होईना, तेव्हा मी बायकोला दवाखान्यात नेलं आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहिलो. बिडकीनमध्ये आजूबाजूला हेच पाहत आलो होतो. डीएमआयसी या औद्योगिक पट्ट्यात जमीन गेली, तिच्या मोबदल्यातला बराच पैसा बायकोच्या सोनोग्राफीत, हार्मोनच्या तपासण्यांत आणि अंडी वाढवण्याच्या गोळ्यांत गेला. एका डॉक्टरांनी माझीही तपासणी सांगितली होती. "मला काय धाड भरलीय?" म्हणत मी दवाखानाच बदलला.

पाळी संपल्यावर गर्भनलिकांचा एक्स-रे काढतात. नळीतून गर्भाशयात औषध सोडायचं. ते दोन्हीकडून पुढे गेलं तर नलिका मोकळ्या. छत्रपती संभाजीनगरला तो काढून एसटीनं परतताना ती पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसली होती. गाडीनं गचका दिला की ओटीपोटात कळ यायची आणि तिची बोटं पांढरी पडायची. मी खिडकीबाहेर बघत होतो. नलिका मोकळ्या निघाल्या, तरी मी माझ्या तपासणीचं नाव काढलं नाही. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं, आणि त्याची पहिली तपासणी स्वस्त, बिनसुईची असते. ती सगळ्यात आधी व्हायला हवी होती.

शेवटी तीच बोलली. "आधी तुमचा नमुना द्या, मगच मी पुढची गोळी घेईन."

दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभरात तपासायला लागला पाहिजे, म्हणून लॅबमध्येच दिला. एका मिलिलीटरमध्ये शुक्राणू १ कोटी ६० लाखांच्या खाली असले तर कमी धरतात. माझे त्याच्या कितीतरी खाली होते. एका रिपोर्टवर काही ठरवू नका, पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाले. मला तेवढा धीर नव्हता. जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून ताकदीची इंजेक्शनं घ्यायला लागलो.

ही माझी सगळ्यात मोठी चूक. त्या इंजेक्शनांत टेस्टोस्टेरॉन होतं. हे हार्मोन बाहेरून मिळायला लागलं की मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी वृषणांना काम करायला लावणं थांबवते. अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि आत शुक्राणू तयार होणं बंद पडतं. पुढच्या रिपोर्टात एकही शुक्राणू दिसला नाही.

इंजेक्शनं बंद केली, तंबाखू सोडली. डॉक्टरांनी उभं करून, खोकायला लावून तपासलं तेव्हा डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या सापडल्या. व्हेरिकोसील म्हणतात त्याला. हा साधा दोष पहिल्याच वर्षी हाताला लागला असता. ऑपरेशन झालं, पण शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, आणि माझे तर इंजेक्शनांनी आणखी लांबवले. तिकडे तिनं पस्तिशी ओलांडली. त्या वयानंतर अंड्यांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्यानं घसरतात. माझी वाट बघण्यात तिचा वेळ गेला.

आता इक्सीचं चाललं आहे. त्यात एकच शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडतात. मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा ही सोय नव्हती. ती १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी जगापुढे आणली. माझ्यासारख्यांना तिचाच आधार आहे. यातही सुया टोचून घेते ती बायकोच.

भावकीत डोहाळजेवण असलं की तिला ओटी भरायला बोलावत नाहीत. रिपोर्ट माझा खराब आहे हे आईला मी फार उशिरा सांगितलं. भावकीला अजून नाही. दिवाळीला चुलत्यांकडे सगळे जमतील, तेव्हा तिच्यादेखत सांगणार आहे.