तळाला लाल वर्तुळ

अपघातानंतर माझे शब्द हरवायला लागले. गाडी सिग्नलला उभी होती, मागून दुसरी येऊन आदळली आणि माझं डोकं काचेवर आपटलं. हाड मोडलं नाही म्हणून घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण दुकानात कोथिंबिरीची जुडी हातात धरून मी उभी राहायचे आणि तिचं नाव काही केल्या आठवायचं नाही. साताऱ्याहून आत्या फोनवर म्हणाली, "येईल गं हळूहळू." त्या वेळी मला तिचंही नाव सापडत नव्हतं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

त्याच हिवाळ्यात एका मैत्रिणीनं मला हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात नेलं. तिथं हॉवर्डीना पिंडेल या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचं 1988 सालचं एक भलंमोठं चित्र पाहिलं. लाकडी चौकट नाही. कॅनव्हास कापून तुकडे पुन्हा शिवलेले, आणि शिवण लपवायचा प्रयत्नच नाही. माझी आजी वाकळ शिवायची. जुन्या लुगड्यांच्या थरांतून तिचा धावदोरा असाच उघडा दिसायचा. चित्रात सगळीकडे पाणी, डोळे, चेहरे. मधे एक बाई. पिंडेल स्वतः कॅनव्हासवर आडव्या झाल्या, आपली आकृती कापून घेतली आणि ती चित्रात शिवून टाकली. एका बाजूला पांढरा, कोरा आकार आहे: गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा आराखडा. त्या कोऱ्या जागेपुढून मला हलवेना.

घरी येऊन त्यांच्याविषयी वाचत सुटले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात बारा वर्षं काम करून 1979 साली त्या विद्यापीठात शिकवायला गेल्या, आणि त्याच वर्षी मोटार अपघातात डोक्याला मार लागून त्यांच्या आठवणी पुसल्या गेल्या. मग त्यांनी जमवलेली पोस्टकार्डं काढली, त्यांच्या पट्ट्या कापल्या, पट्ट्यांमध्ये मोकळी जागा सोडून त्या चिकटवल्या, आणि मधलं न दिसणारं दृश्य स्वतः रंगवलं. अपघाताच्या पुढच्याच वर्षी त्यांनी बारा मिनिटांची चित्रफीत केली. तीत त्या कॅमेऱ्याकडे बघून, आवाज न चढवता, आपल्याला भोगावा लागलेला वर्णद्वेष सांगतात. बालवाडीच्या शिक्षिकेनं चादरींनी खाटेला बांधलं होतं, तेही. जे विसरावंसं वाटावं तेच त्यांनी आधी उचललं, याचा मी कितीतरी दिवस विचार करत होते.

त्याआधी, 1970च्या दशकात, पंचिंग मशीननं कागदाला भोकं पाडून निघालेल्या हजारो टिकल्या त्या चित्रांवर चिकटवायच्या. कृष्णवर्णीय चित्रकारानं संघर्षाचीच चित्रं काढावीत, अशी अपेक्षा असण्याचा तो काळ. पण ही वर्तुळं आली कुठून? लहानपणी वडिलांबरोबर केंटकीत एका टपरीवर त्या रूट बिअर नावाचं थंड पेय प्यायल्या. मगाच्या तळाला मोठं लाल वर्तुळ होतं. ती काळ्या माणसांच्या भांड्यांची खूण होती.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. गावच्या हॉटेलात माझ्या आजोबांचा कप वळचणीला खोचलेला असायचा. चहा त्यात वरून ओतायचे. पिऊन झाला की धुऊन परत खोचून ठेवायचं काम आजोबांचंच. अपघातात किती काय गेलं, पण त्यांनी एकदाच सांगितलेला तो कप जागच्या जागी होता.

नंतर मी जुन्या फोटोंच्या प्रती काढून त्यांच्या पट्ट्या कापल्या. मला चित्रकला येत नाही. तरी पट्ट्या लांब लांब चिकटवल्या आणि मधल्या जागा रंगवायला बसले. वस्तीतल्या आमच्या घराच्या फोटोपाशी अडले. फोटो काळापांढरा, आणि भिंतीचा रंग काही केल्या आठवेना. आत्याला फोन लावला.

"निळा," ती लगेच म्हणाली. "चुन्यात नीळ कालवायचो आम्ही. तुझ्या आजोबांना जरा गडदच लागायचा."

मी फोन कानाशी धरूनच निळी बाटली उघडली. आत्या पलीकडून सांगत राहिली, मी मधली जागा भरत गेले.