भरवशाची रुजवात

महू छावणीतील सैनिकी वाहनांच्या कार्यशाळेत मी सदतीस वर्षे नोकरी केली, आणि एवढ्या अवधीत जी एक गोष्ट माझ्या अंगी पुरती मुरली ती अशी, की वाहनाची योग्यता त्याच्या वेगावरून ठरवावयाची नसून, ज्या घटकेस हुकूम येईल त्या घटकेस ते निघते की नाही आणि निघाले तर मुक्कामास पोचते की नाही, यावरून ठरवावयाची. तेथे प्रत्येक गाडीचे स्वतंत्र दफ्तर असे. कोणत्या तारखेस कोणता भाग तपासला, कोणी तपासला आणि काय बदलले याची नोंद सहीनिशी होई, आणि ज्या नोंदीची रुजवात झाली नाही ती नोंद नाहीच असे मानण्याचा शिरस्ता होता. सेवानिवृत्तीनंतर हा शिरस्ता आता घरच्या स्कूटरपुरताच उरला, असे मी समजून चाललो होतो. परंतु २०२३ सालच्या मार्च महिन्यात माझा भाचा पुण्याहून आपली स्पोर्ट्स कार घेऊन आला, आणि पुढील दोन दिवसांत त्या शिरस्त्याचे मोल मला नव्याने उमगले.

गाडी दोन आसनांची, जमिनीलगत, इंजिन आसनांच्या पाठीमागे आणि रेडिएटर नाकापाशी, अशा रचनेची होती. भाच्याने ती पहिल्या मालकाकडून घेतली होती. तिला नऊ वर्षे झाली होती आणि ती चालली होती अवघी अकरा हजार किलोमीटर. "मामा, नव्यासारखीच आहे, तुम्हीच बघा," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, आणि तिचा रंग, तिची आसने व तिचे स्वच्छ धुतलेले इंजिन पाहता त्याचे म्हणणे मलाही पटले.

आमच्या महूच्या शेजारी, पीथमपूर येथे, सुमारे एक हजार एकर क्षेत्रावर राष्ट्रीय वाहन परीक्षण केंद्राच्या धावपट्ट्या आहेत, हे महाराष्ट्रातील वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. त्यांतील अतिवेगाची धावपट्टी २९ जून २०२१ रोजी सुरू झाली. ती ११.३ किलोमीटर लांबीची, १६ मीटर रुंदीची, चार मार्गिकांची असून लंबवर्तुळाकार आहे, आणि तिच्यात चढ नाही की उतार नाही. तिच्या वळणांचा बाहेरील काठ असा उंच उचललेला आहे, की ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चालकाने सुकाणू जवळजवळ न वळवताही आपली वाट धरून राहते. आणि त्याच वळणांवर ३७५ पर्यंत वेग घेता यावा अशी त्यांची आखणी आहे. महागड्या गाड्यांच्या पत्रिकेत छापलेला कमाल वेग खरोखर आजमावण्यासारखी जागा तोपर्यंत आपल्या देशात नव्हती. ती आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत झाली, याचा मला अभिमान वाटतो.

तेथे एका खासगी मेळाव्यात भाच्याने नाव नोंदविले होते, आणि त्याच्या शेजारी बसण्याची परवानगी मला मिळाली. आदल्या संध्याकाळी मी अंगणात गुडघे टेकून टायरच्या कडेवरील चार आकडे वाचले, कारण त्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. टायर त्याच वर्षीचे निघाले. ब्रेक ऑइलही नवे होते, आणि तेही आवश्यक होते; कारण ते द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावा शिरला म्हणजे ऐन वेळी, ब्रेक तापलेले असताना, त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पायाखालची पट्टी पोकळ लागते. मेळाव्याच्या नियमांत जे जे लिहिले होते ते ते सर्व भाच्याने केले होते, ही गोष्ट त्याच्या बाजूने मला प्रथम नमूद केली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरस्त्राणे चढवून आम्ही निघालो. दोनशेपर्यंतचा वेग मला विशेष वाटला नाही. मात्र वळणाच्या वरच्या मार्गिकेत गाडी शिरली तेव्हा क्षितिज एका बाजूला कलले आणि सारे शरीर आसनात दाबले गेले, तरी मांडीवर ठेवलेले माझे हात डावी-उजवीकडे यत्किंचितही सरकले नाहीत. उतरत्या बांधणीचे गणित ग्रंथात वाचणे निराळे आणि ते आपल्या देहाने अनुभवणे निराळे, हे मला तेथे कळले. सरळ रेषेवर उपग्रहावरून वेग मोजणाऱ्या यंत्राने २८८ हा आकडा दाखविला. म्हणजे सेकंदास ऐंशी मीटर! इंजिनाचा आवाज एव्हाना मागे पडला होता आणि वाऱ्याच्या गर्जनेवाचून दुसरे काही ऐकू येत नव्हते. हा वाराच अतिवेगाचा खरा प्रतिपक्ष होय. कारण वेग दुप्पट केला तर वाऱ्याशी झुंजण्यास आठपट शक्ती लागते, आणि ती पुरवताना पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचून उरलेला सारा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो. बुगाटी कंपनीने २००५ साली ताशी ४०० किलोमीटरच्या पलीकडे जाणारी व्हेरॉन गाडी केली तेव्हा तिच्या हजार अश्वशक्तीच्या इंजिनापायी तिला एकंदर दहा रेडिएटर बसवावे लागले, यावरून हा उष्णतेचा प्रश्न केवढा आहे हे ध्यानात यावे. आमच्या गाडीच्या पाण्याच्या तपमानाचा काटा मात्र त्या सबंध वेळात तसूभरही हलला नाही.

परतताना भाचा सारखा वेगाविषयी बोलत होता, तेव्हा मी त्याला इंदूरचीच एक हकिकत सांगितली. महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांच्यासाठी १९३६च्या सुमारास अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनीची सुपरचार्जर लावलेली, ३२० अश्वशक्तीची गाडी सिद्ध झाली. तिच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर संस्थेने काळ्या व केशरी रंगांची बॉडी चढविली, आणि आजही जगातील मोटारींच्या जाणकारांत ती इंदूरच्या नावाने ओळखली जाते. परंतु याच ड्युसेनबर्गने १९२१ साली फ्रान्समधील ल मान्स येथे फ्रेंच ग्रां प्री जिंकली, तेव्हा इंजिनाच्या जोडीला तिच्या चारही चाकांना असलेले हायड्रॉलिक ब्रेक तिच्या कामी आले होते. आणि त्याच ल मान्स गावी १९२३ पासून जी शर्यत चालू झाली ती चोवीस तासांची ठेवण्यात आली, कारण घटकाभर धावणारी गाडी आणि अहोरात्र धावणारी गाडी यांत अंतर आहे, हे त्या लोकांनी ओळखले होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही महेश्वरला गेलो. अहिल्याबाईंच्या काळातील जाम दरवाजा ओलांडून घाट उतरलो, नर्मदेचे दर्शन घेतले, आणि भर दुपारी परत फिरलो. निमाडातील मार्चची दुपार म्हणजे पुण्याची वैशाखातील दुपार. घाट चढताना पुढे कपाशीच्या गासड्यांचा ट्रक होता आणि त्याच्यामागे पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. अर्धा घाट चढून झाला असेल नसेल, तोच समोर तांबडा दिवा लागला, इंजिन थांबवा अशी सूचना उमटली, आणि गाडी कडेला घेतो न घेतो तो आसनांच्या मागून कूलंटचा गोडसर, उष्ण वास आला. खाली वाकून पाहिले तर मागील चाकाच्या पुढे गुलाबी पाण्याची धार रस्त्याच्या धुळीत जिरत होती. भाच्याचा हात झाकणाकडे गेलेला पाहून मी तो धरला. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, परंतु झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ते तोंडावर येते.

महूहून मी माझ्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रीला बोलावले. छावणीत सर्वजण त्यांना उस्ताद म्हणतात. अशी गाडी त्यांनी जन्मात हाताळलेली नव्हती. त्यांनी प्रथम गोणपाट अंथरले, गाडी निवण्याची अर्धा तास वाट पाहिली, आणि मग विजेरी घेऊन ते चाकाशेजारी आडवे झाले. पुढील रेडिएटरपासून मागील इंजिनापर्यंत गाडीच्या पोटाखालून पाण्याच्या लांब नळ्या जातात. त्यांतील एका नळीच्या सांध्याला प्लास्टिकचे बोटभर जोडणे होते, ते तडकले होते. उस्तादांनी ते काढून माझ्या तळहातावर ठेवले. मी अंगठ्याने हलकेच दाबले तेव्हा त्याचा वाळलेल्या बिस्किटासारखा चुरा झाला. उस्ताद एवढेच म्हणाले, "साहब, चलती गाड़ी घिसती है, खड़ी गाड़ी सड़ती है."

निदान अचूक होते. धावपट्टीवर वारा रेडिएटरमधून सोसाट्याने वाहत होता म्हणून तपमान स्थिर राहिले. घाटात वारा नव्हता, होता तो केवळ पंखा, आणि तापत तापत वाढलेल्या दाबाला तो नऊ वर्षांचा सांधा पुरा पडला नाही. रबर, प्लास्टिक आणि तेले ही किलोमीटरच्या हिशेबाने जितकी झिजतात तितकीच पंचांगाच्या हिशेबानेही झिजतात. तेव्हा नऊ वर्षांत अकरा हजार किलोमीटर हा आकडा, जो भाच्याला गुणाचा दाखला वाटला होता, तोच वास्तविक पहिला इशारा होता, आणि माझ्या अनुभवी डोळ्यांनीही तो वाचला नाही, हे मला प्रांजळपणे सांगितले पाहिजे. टायर आणि ब्रेक तपासले गेले, कारण ते तपासावेत असे नियमांत लिहिले होते. त्या सांध्याविषयी कोठे लिहिलेले नव्हते.

उस्तादांनी पितळी नळीचा तुकडा कापून दोन क्लिपांनी तेथे बसविला, बाटल्यांतील पाणी भरले, आणि सबंध नळ्यांतील हवा निघेपर्यंत पाऊण तास धीराने इंजिन चालवीत, थांबवीत राहिले. त्या पितळी तुकड्यावर आम्ही संध्याकाळी घरी पोचलो. मूळ भाग हाती येण्यास पुढे पाच आठवडे लागले.

अतिवेगवान गाडी नाजूक असलीच पाहिजे, असे माझे मत नाही. उलट जो कारखाना सेकंदास ऐंशी मीटर जाणारे यंत्र निर्दोष घडवितो, त्याच्या विद्येपुढे मी नतमस्तक आहे. परंतु वेग हा कारखान्याने दिलेला असतो आणि भरवसा मालकाला स्वतः कमवावा लागतो, तोही दर आठवड्याला. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की तिला तळघरात झाकून ठेवू नका. आठवड्यातून एकदा तेल पुरते तापेल इतकी चालवा, तिची तेले, पाणी आणि रबरी नळ्या वर्षे मोजून बदला, आणि जुनी गाडी घेत असाल तर तिने किती वेग गाठला हे विचारण्याआधी तिचे दफ्तर मागा. भाच्याने त्या एप्रिलपासून तिची नोंदवही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या प्लास्टिकच्या सांध्याची तारीख आहे, आणि खाली उस्तादांची सही आहे.