गळ्यात नसलेली माळ

त्या रात्री माझ्या वडिलांच्या ताटात, त्यांना न विचारता, म्हशीचं मांस येणार होतं. मागवलं होतं मी. जेवण वाढणाऱ्या एका मुलानं ते ऐनवेळी थांबवलं, आणि मी त्याचीच तक्रार केली. घडलं ते एवढंच. तरी ते कागदावर उतरवायला मला फार दिवस लागले, कारण लिहायला बसलं की दर वेळी मी स्वतःला थोडं सोडवून घेत होते. आज तसं न करता लिहिते आहे.

डिसेंबर २०२३. आई-बाबा मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला आले होते. मला नुकतीच बढती मिळाली होती आणि बाबांना एकदा तरी चांगल्या स्टेकहाऊसमध्ये न्यायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. या शहराचं स्टेकशी नातं जुनं आहे. १८०९ मध्ये इंग्रजांनी इथं लष्करी छावणी वसवली, तिच्याबरोबर छावणीचं खाणंही आलं आणि रुजलं. म्युझियम रोडवरचं ‘द ओन्ली प्लेस’ गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून स्टेकसाठी ओळखलं जातं. मी इथं नोकरीला आले तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा स्टेक खाल्लं. मला ते मनापासून आवडलं. घरी मात्र सांगितलं नाही. रात्री फोनवर बाबा विचारायचे, “काय जेवलीस?” मी म्हणायची, “आमटी-भात.” अशी नऊ वर्षं गेली.

का सांगितलं नाही, हे कळायला आमचं घर सांगावं लागेल. बाबांचं लहानपण कोल्हापुरात, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत गेलं. पंढरपुरी म्हशी, पाठीवर मागं गेलेल्या लांबच लांब शिंगांच्या. संध्याकाळी आजोबा म्हशी घेऊन गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जायचे आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना धार काढून फेसाळ दुधाचा पेला त्याच्या हातात द्यायचे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसांचे तुरे आणि कवड्यांच्या माळा घालून मिरवायला काढायच्या. मालकाची हाळी ऐकून मोटरसायकलमागं धावत सुटणारी म्हैस मी स्वतः पाहिली आहे. बाबा मटण आवडीनं खातात, पांढऱ्या रश्श्याशिवाय त्यांचा रविवार पुरा होत नाही. पण म्हशीचं मांस त्यांनी कधी खाल्लेलं नव्हतं. मला हे ठाऊक होतं. माहिती नव्हती म्हणून चुकले, असं म्हणायची सोय मला नाही.

ते स्टेकहाऊस शहराच्या मध्यभागी आहे. त्याचं नाव घेत नाही, कारण यात त्यांचा काही दोष नव्हता. आम्हाला वाढायला आलेला मुलगा पंचविशीचा असेल. त्याचं लक्ष कसं होतं, ते सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. आईनं आपली कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्यानं काही न बोलता एक बुटकं स्टूल तिच्या खुर्चीशेजारी आणून ठेवलं आणि पिशवीसाठी आहे असं हातानं सुचवलं. मंद उजेडात बाबा मेन्यू डोळ्यांपासून लांब धरत होते, तर मिनिटाभरात टेबलावर छोटा दिवा आला. बाबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. आम्ही कुणी ते त्याला सांगितलं नव्हतं. पण पहिल्या दोन वाक्यांनंतर तो उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि रात्रभर त्याच बाजूनं बोलला.

आई माळकरी आहे. तिच्यासाठी मी आधीच फोन करून ठेवला होता. भाज्या वेगळ्या तव्यावर भाजता का, सूपमध्ये मांसाचं पाणी असतं का, सगळं विचारून घेतलं होतं. आईही खुशीत होती. “तुम्ही खावा काय खायचं ते, मी आपलं भाजीच खातो,” असं म्हणून तिनं मेन्यू मिटून ठेवला होता. आईचं पथ्य मी जपलं, कारण तिची तुळशीची माळ डोळ्यांना दिसते. बाबांच्या गळ्यात माळ नव्हती. त्यांचंही एक पथ्य होतं, पण ते दिसणारं नव्हतं, आणि त्याचाच मी फायदा घेतला.

मेन्यूवर नुसतं ‘टेंडरलॉइन’ लिहिलेलं होतं. पाठीच्या कण्याखालचा हा स्नायू जनावराला फारसा वापरावा लागत नाही, म्हणून तो सगळ्यात मऊ. पण हा स्नायू कुठल्या जनावराचा, ते त्या शब्दात नसतं. कर्नाटकात जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या कायद्यानं गाय, बैल, वासरं आणि तेरा वर्षांखालच्या म्हशी यांच्या कत्तलीला बंदी आहे. परदेशातून गोमांस आणायलाही देशात मनाई आहे. तेव्हा इथल्या मेन्यूवरचं हे टेंडरलॉइन म्हणजे म्हैस, असा माझा नऊ वर्षांचा अनुभव होता. बाबांना त्या शब्दाचा काहीच अर्थ लागत नव्हता. त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, “मटणच न्हवं?” मी म्हटलं, “हो, तसलंच.”

हे उत्तर मी तोंड उघडण्याआधीच ठरवलं होतं. आधी खाऊ दे, आवडू दे, मग सांगू. आवडल्यावर रागावणार नाहीत. खरं तर म्हशीचं आहे असं सांगितलं असतं, तर ‘मी हे नऊ वर्षं खाते आहे’ हेही सांगावं लागलं असतं. माझं खोटं उघडं पडू नये, म्हणून मी बाबांना त्यात ओढत होते. त्यांनी एकदा खाल्लं की त्यांना मला काही म्हणता येणार नाही, हाही हिशेब मनात होता. तो लिहिताना आज हात जड होतो.

मुलानं किती भाजायचं ते विचारलं. मी माझ्यासाठी मीडियम रेअर सांगितलं आणि बाबांसाठी वेल डन. तो हलक्या आवाजात इंग्रजीत म्हणाला, की या मांसात चरबी फार कमी असते, पूर्ण भाजलं तर कोरडं पडेल, मीडियमपर्यंत ठेवू का? सल्ला बरोबर होता. मीडियम रेअरमध्ये आतलं तापमान पंचावन्न अंशांच्या आसपास राहतं आणि रस मांसातच राहतो. सत्तरच्या पुढं गेलं की स्नायू आवळतात, रस बाहेर पडतो आणि उरतो तो चिवटपणा. कापल्यावर दिसणारं तांबडं पाणी रक्त नसतं, स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा तो रंग असतो. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी वेल डनच म्हटलं. त्यात चवीचा विचार नव्हता. आतला लाल रंग बाबांना दिसू नये, त्यांनी प्रश्न विचारू नये, एवढाच विचार होता.

मग त्यानं शेवटचा प्रश्न विचारला, तोही इंग्रजीतच. हे म्हशीचं मांस आहे, टेबलावरच्या सगळ्यांना चालेल ना? मी झटकन इंग्रजीत ‘हो’ म्हटलं आणि मेन्यू मिटला. तो क्षणभर थांबला. बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि गेला.

वीस मिनिटांनी ताटं आली. माझं ताट माझ्यापुढं ठेवलं गेलं. बाबांचं ताट हातातच धरून तो त्यांच्या उजव्या बाजूला थोडा वाकला आणि आमच्याच बोलीत म्हणाला, “काका, ह्ये म्हशीचं मटण हाय. चालतंय न्हवं?”

तो निपाणीकडचा होता, हे मला नंतर कळलं. आमचं बोलणं त्याला पहिल्यापासून समजत होतं. “मटणच न्हवं?” हा प्रश्नही त्यानं ऐकला होता आणि माझं उत्तरही.

बाबांनी उचललेला काटा खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या मुलालाच म्हणाले, “न्हाई बाळा. दुसरं काय असंल तर आण.” त्यानं ताट तसंच मागं नेलं आणि थोड्या वेळानं भाजलेला मासा आणून ठेवला. काटे काढून, तुकडे करून. बाबा दाताच्या कवळीनं जेवतात, तेही त्याच्या लक्षात आलं होतं.

तेव्हाच मी बाबांची माफी मागितली असती, तर ही गोष्ट तिथं संपली असती. पण मला शरमेपेक्षा राग लवकर आला. मी व्यवस्थापकांना बोलावलं आणि सांगितलं, की तुमचा माणूस आमच्या घरगुती बोलण्यात पडतो, मी स्पष्ट उत्तर दिलेलं असताना माझ्या पाहुण्यांना परत विचारतो. व्यवस्थापकांनी माफी मागितली. पुढचं जेवण दुसऱ्या मुलानं वाढलं. आमचा मुलगा लांबच्या कोपऱ्यात ग्लास पुसत उभा होता. बिलाबरोबर अभिप्रायाचं कार्ड आलं, त्यावर मी सेवेला सर्वात कमी गुण दिले आणि कारणही लिहिलं.

बिलात दहा टक्के सेवा शुल्क होतं. ते ग्राहकावर आपोआप लावता येत नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढली होती. मी त्यांचा दाखला देऊन शुल्क काढून टाकायला लावलं. तो माझा हक्क आहे, असं मी ठासून म्हटलं. पण आधी कित्येकदा मी तेच शुल्क मुकाट्यानं भरलं होतं. त्या रात्री तो हक्क मला आठवला, तो फक्त दुसऱ्याला दुखवण्यासाठी.

परतताना टॅक्सीत कुणी बोललं नाही.

सकाळी सहाला बाबा गॅलरीत चहा घेत बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. मला वाटलं होतं, म्हशीवरून बोलतील, आजोबांचं नाव काढतील. त्यांनी वेगळंच सांगितलं. म्हणाले, “म्हैस भाकड झाली की आम्ही वडगावच्या बाजारात इकायचो. फुडं ती कुठं जाती, ते काय आम्हाला ठाव नव्हतं व्हय? पैसं मोजून घ्यायचो आन् मागं वळून बघायचो न्हाई. तवा तू खातीस म्हणून मी तुला काय बोलायचं? माझ्या हातनंच गेल्यात त्या.” मग बराच वेळ ते खालच्या रस्त्याकडं बघत राहिले. “पन माझ्या ताटात काय हाय, त्ये त्यानं मला इचारलं. तू न्हाई इचारलंस. आन् इचारलं म्हणून त्याच्याच पोटावर पाय दिलास.”

मी आयुष्यात बाबांची बोलणी पुष्कळ खाल्ली आहेत. त्यांचा आवाज इतका शांत कधी नव्हता.

त्याच दिवशी दुपारी चारला, दोन जेवणांमधल्या रिकाम्या वेळेत, मी तिथं गेले. व्यवस्थापकांना सांगितलं, की काल मी लिहिलं ते खोटं आहे. ते सौजन्यानं वागले, पण कार्डाची नोंद झाली होती आणि शनिवार-रविवारी त्या मुलाला बाहेर वाढायचं काम न देता आत स्वयंपाकघरात ठेवायचं ठरलं होतं. मी दुसरं कार्ड लिहिलं. त्यात काय घडलं ते क्रमानं लिहिलं, मी बाबांना काय सांगितलं होतं तेही लिहिलं. सेवा शुल्काची रक्कम दिली. ती सगळ्यांच्या पेटीत गेली, एकट्या त्याला मिळाली नाही. त्याचे शनिवार-रविवार परत मिळाले का, ते मला समजलं नाही. माफी मागितली म्हणून झालेलं नुकसान भरून निघतंच असं नाही, हे मी तिथं शिकले.

तो आतून आला. एप्रन बांधलेला, हात ओले. मी मराठीत म्हटलं, “माझं चुकलं. तुम्ही बरोबर केलंत.” तो अवघडला. मग म्हणाला, “मॅडम, विचारायचं ही आमच्याकडं पद्धतच आहे. आदल्या वेळी तुम्ही उत्तर दिलंत, पण खाणार काका होते. म्हणून मी त्यांना समजेल असं विचारलं, एवढंच.” आणि कामाचा खोळंबा नको म्हणून लगेच आत गेला.

चांगली सेवा म्हणजे खुर्ची ओढून देणं, पाण्याचा पेला रिकामा होऊ न देणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या मुलाच्या हातून हे सगळं होतच होतं. पण त्याचं लक्ष त्याहून खोल गेलेलं होतं. बिल कोण भरणार आहे, याआधी घास कोण गिळणार आहे, हे तो बघत होता. पैसे देणारी मी होते, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं ‘हो’ म्हणायचा अधिकारही माझाच, असं मी धरून चालले होते. आपल्या घरांतून हे प्रेमाच्या नावाखाली सर्रास होतं. आवडेल तुम्हाला, खाऊन तर बघा, म्हणत आपण माणसाचं ‘नको’ त्याच्या तोंडातून येण्याआधीच काढून घेतो. आता मी कुणाला जेवायला नेलं, की प्रत्येकाला त्याच्या भाषेत, त्याच्या तोंडावर विचारते. पदार्थात काय आहे ते आधी सांगते आणि उत्तराची वाट बघते. कुणी नको म्हटलं तर कारण विचारत नाही.

बाबा अजून रात्री फोन करतात. “काय जेवलीस?” विचारतात. स्टेक खाल्लं असेल त्या दिवशी मी तेच सांगते, म्हशीचं होतं म्हणून सांगते. कधी ते नुसतं “बरं” म्हणतात आणि फोन आईकडं देतात. त्या वेळी मला लागतं, आणि ते लागायलाच हवं. मागच्या महिन्यात मात्र ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, “नीट शिजलेलं हुतं का?”

मी म्हटलं, “नाही बाबा. मला आतून थोडं कच्चं आवडतं.”

त्यांना मी सांगितलेलं ते पहिलं पूर्ण खरं उत्तर होतं.